कढीपत्त्यावरच्या अळ्या गायब होतात? आधी मागे उरलेली खूण बघा

तक्रार नेहमीचीच. कुंडीतल्या कढीपत्त्याभोवती एक काळं फुलपाखरू घिरट्या घालून जातं. आठवडाभरात पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी सापडते. घरातली पोरं रोज सकाळी अळ्या मोजतात आणि एके दिवशी पान रिकामं. पुढच्या खेपेलाही तेच. मग कुणी आणखी रोपं आणतं, कुणी उरल्यासुरल्या अळ्या उचलून डब्यात घालतं. यातलं काहीही करण्याआधी पाच मिनिटं झाड नीट बघा. अळी कशी गेली याची खूण बहुतेक वेळा मागे राहते, आणि उपाय त्या खुणेवर ठरतो. मुंग्यांवरचा इलाज गांधीलमाशीवर चालत नाही, आणि पानातच विष असेल तर कितीही चांगली जाळी लावली तरी अळी मरणारच.

कढीपत्ता, लिंबू आणि बेल यांवर शहरात अंडी घालणारी मुख्य फुलपाखरं दोन. कॉमन मॉर्मन काळं असतं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि छोटी शेपटी. लाइम बटरफ्लाय पिवळट-काळ्या नक्षीचं असतं, मागच्या पंखावर लाल ठिपका. याला शेपटी नाही, तरी कुळ स्वॅलोटेलचंच, म्हणजे शेपटीवाल्या फुलपाखरांचं. दोघांचं वेळापत्रक जवळपास सारखं आहे. अंडं तीन ते पाच दिवस, अळी साधारण अडीच-तीन आठवडे, कोष दहा-बारा दिवस. हवा गार असली की सगळंच लांबतं. अळी चार वेळा कात टाकते. पहिल्या चार अवस्थांत ती तपकिरी-पांढरी, शिटेसारखी दिसते आणि पाचव्या अवस्थेत हिरवी होते. हे पाठ असलं की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

खरंच गायब झाली का?

कुंडीतल्या मातीवर संध्याकाळी एक पांढरा कागद ठेवा. सकाळी त्यावर मिरीच्या चुऱ्यासारख्या ताज्या लेंड्या असतील तर अळी वरच कुठेतरी आहे, तुम्हाला दिसत नाही एवढंच. लेंड्या जिथे पडल्या त्याच्या बरोबर वरच्या काड्या तपासा. कात टाकण्याआधी अळी दिवसभर एका जागी निपचित बसते, खात नाही आणि लेंडीही टाकत नाही. त्या वेळी तिला ओढून काढू नका. पानावर विणलेल्या रेशमाच्या गादीत तिचे पाय अडकवलेले असतात, ओढलं तर ते तुटतात.

हिरवी झालेली, ४ सेंमीच्या आसपासची अळी नाहीशी झाली असेल तर बहुतेक वेळा ती कोष करायला गेलेली असते. त्याआधी ती एक मोठी, पातळ, ओली लेंडी टाकते आणि आतडं रिकामं करून चालू लागते. कधी त्याच झाडाची फांदी पसंत करते, कधी शेजारची कुंडी, खिडकीच्या चौकटीची खालची कड, वाळत घातलेल्या फडक्याचा कोपरा किंवा गॅलरीच्या कठड्याची आतली बाजू. आठ-दहा फुटांच्या टप्प्यात बघा, आणि वरून नाही तर खालून, मोबाइलचा टॉर्च लावून. कोष हिरवा किंवा तपकिरी असतो आणि आजूबाजूच्या रंगात असा मिसळतो की रोज हात लागतो त्या जागी असूनही दिसत नाही.

अंडीच जातात

अंडं खसखशीएवढं, गोल, फिकट पिवळं. कोवळ्या पानाच्या कडेला किंवा खालच्या बाजूला एकेकटं घातलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर तपकिरी छटा येते, ते ठीक आहे. संपूर्ण अंडं सारखं राखाडी-काळं पडलं तर आत ट्रायकोग्रामा ही अगदी बारीक परजीवी माशी वाढते आहे, त्यातून अळी निघणार नाही. अळी बाहेर आल्यावर आपलं कवच स्वतःच खाते. त्यामुळे पानावर एक बारीकसं गोल भोक पडलेलं रिकामं कवच तसंच उरलं असेल तर ते परजीवी माशीचं काम समजा. असं एकेक अंडं खुडून टाकण्यापलीकडे काही करायची गरज नाही.

कवच नाही आणि अळीही नाही, असं दिसलं तर बहुधा मुंग्या. त्या मुंग्या अंड्यांसाठी वर चढलेल्या नसतात हे लक्षात घ्या. त्या येतात पिठ्या ढेकूण आणि मावा यांच्या गोड चिकट द्रवासाठी, अंडी त्यांना वाटेत सापडतात. म्हणून आधी पिठ्या काढा. फवारणी नको. कापूस लावलेली काडी साबणाच्या पाण्यात बुडवून पांढरे पुंजके एकेक पुसून काढा, आणि ज्या काडीवर अंडं किंवा अळी आहे तिला तो कापूस लावू नका. साबणाचं पाणी अळीलाही मारतं. मग कुंडी मुंग्यांपासून तोडा. पसरट ताटलीत पाणी, त्यात वीट, विटेवर कुंडी. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि चार दिवसांनी पाणी बदला, नाहीतर मुंग्या टळतील आणि डेंग्यूचे डास होतील. ही सगळी खटपट भिंतीला टेकलेल्या एका फांदीने फुकट जाते. मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. तेव्हा फांद्या ग्रिलला, दोरीला, शेजारच्या झाडाला लागत नाहीत ना ते बघा.

कढीपत्त्याला ताक घालायची सवय अनेक घरांत आहे. त्याचं अळ्यांना वावडं नाही, पण ताक दाट असेल आणि पानांवर सांडलं तर मुंग्यांना आमंत्रण. पाणी घालून पातळ करा आणि मुळाशीच ओता.

पान आहे तसंच, फक्त हिरवा डाग

ही गांधीलमाशी. गॅलरीतल्या अळ्यांचा सर्वांत मोठा वैरी हीच, पक्षी तिच्यानंतर. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात झाडापाशी उभं राहिलं तर तिची पद्धत दिसते. लांब पाय खाली लोंबकळत सोडून ती पानाच्या कडेकडेने उडते, एकेका काडीवर उतरते, मिशांनी चाचपते. अळी सापडली की तिला डंखापेक्षा जबड्याची जास्त गरज पडते. अळी फाडून, आतडं बाजूला टाकून, उरलेल्या मांसाची गोळी करून ती पोळ्यातल्या पिल्लांसाठी नेते. पानावर राहतो तो हिरवट ओला डाग, म्हणजे टाकलेलं आतडं. आणि एकदा जागा सापडली की ती पुन्हा पुन्हा तिथेच येते. म्हणून एका दिवशी एक अळी जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सहाच्या सहा.

डिवचल्यावर अळी डोक्यामागून केशरी-लाल दुहेरी शिंग बाहेर काढते, त्याला आंबूस उग्र वास येतो. मुंग्या त्याने मागे सरतात. गांधीलमाशी आणि बुलबुल यांच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

पोळं जाळू नका. तीच माशी तुमच्या वांग्या-टोमॅटोवरच्या अळ्याही नेते. उपाय बाहीचा. मच्छरदाणीचं कापड घ्या, त्याची अडीच-तीन फूट लांब आणि फूटभर रुंद नळी शिवा, दोन्ही तोंडांना नाडी घाला. अळ्या असलेल्या फांदीवर ती चढवा, खालचं तोंड खोडावर कापसाचा वळसा देऊन घट्ट बांधा, वरचं नुसतं मुरडून बांधा. आत तारेचं कडं घाला म्हणजे कापड पानांना चिकटणार नाही. चिकटलं तर बाहेरून चोच आत जाते. बांधण्याआधी आतली प्रत्येक काडी उलटून बघा. कोळी आत राहिला तर तुम्ही अळ्या नाही, त्याचा डबा भरून दिला. रोज खालचं तोंड सोडून लेंड्या झटका.

सगळं झाड मात्र झाकू नका. झाकलेल्या झाडावर मादीला अंडी घालता येत नाहीत. एक फांदी किंवा एक कुंडी उघडी, एक झाकलेली, अशी वाटणी ठेवा. उघड्यावरच्या अळ्यांतल्या काही शिंपी पक्षी, बुलबुल आणि सरडे नेणारच. पानाला ओरखडा नाही, डाग नाही, अळी मात्र पूर्ण नाहीशी, अशी जागा बहुधा त्यांची.

रिकामी कातडी लोंबते

अळी पानावरच आहे, पण चिपाडासारखी चपटी झालेली आणि मागच्या पायांवर लोंबणारी. हे शिकारी ढेकणाचं काम. तो सोंड खुपसून आतला रस पितो. बहुतेक वेळा तो तिथेच जवळ, पानाखाली बसलेला सापडतो. कागदावर झटकून दुसऱ्या झाडावर सोडा. अळीच्या अंगाजवळ पांढऱ्या कापसासारखे बारीक कोष दिसले तर त्या परजीवी माशा आहेत. ती अळी जगत नाही.

अळी थरथरते, हिरवं ओकते, खाली पडते

हे विष. आणि हे सर्वांत जास्त घडतं नव्याने आणलेल्या लिंबाच्या रोपावर. कारण सरळ आहे. लाइम बटरफ्लायची अळी लिंबू, संत्रा, मोसंबी यांच्या रोपवाटिकांत कीड म्हणून गणली जाते, विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिकांत तर ती चांगलीच परिचयाची आहे. म्हणजे रोप तुमच्याकडे येण्याआधी नेमकी हीच अळी मारण्यासाठी त्यावर औषध मारलेलं असण्याची शक्यता मोठी. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं मुळांतून पानांत चढतात. पान धुऊन ती जात नाहीत, आणि कुंडीतल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात.

नवं रोप आणलं की पिशवीतली माती झाडून टाका, नव्या मातीत लावा. निदान तीन-चार महिने त्यावर अळ्या नकोत, तोवर झाकून ठेवा. या काळात येणारी पालवी दोनदा खुडून टाका. त्याहून बरी वाट म्हणजे औषध न लागलेलं रोप. कढीपत्त्याच्या जुन्या झाडाभोवती मुळांतून फुटवे येतात, पावसाळ्यात मुळासकट खणून लावले तर लागतात. पिकलेल्या काळ्या फळांतलं बी गर काढून लगेच पेरा, दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवण संपते. लिंबाचं बीही ताजंच पेरायचं. गणपतीत आणलेल्या पपनसाच्या बिया फेकू नका. ब्लू मॉर्मन, म्हणजे २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळी, लिंबू-पपनस आणि रानातला माकडलिंबू यांवर अंडी घालते. कढीपत्ता लावून तिची वाट बघणारे बरेच आहेत.

विष घरातूनही येतं. निंबोळी अर्क ‘सेंद्रिय’ म्हणून बिनधास्त मारला जातो, पण अळीचं खाणं आणि कात टाकणं त्याने बंद पडतं. बीटी या जिवाणूची पावडर तर अळ्या मारण्यासाठीच असते, कोणती अळी हवी नि कोणती नको हे तिला कळत नाही. डासांचं द्रवाचं मशीन लावलेल्या बंद खोलीत अळ्यांचा डबा ठेवू नका. सोसायटीत धूरफवारणीची वेळ कळली तर तासभर आधी कुंड्या आत घ्या, नंतर दोन तासांनी बाहेर. आणि डब्यातल्या अळ्यांना बाजारातल्या जुडीचा कढीपत्ता कधीही घालू नका.

काळी पडली, लिबलिबीत झाली, उलटी लोंबते

रोग. विषाणू किंवा जिवाणूंचा, आणि तो पसरतो दाटीमुळे. प्लास्टिकचा बंद डबा, आतून दव, तळाला दोन दिवसांच्या लेंड्या, त्यात आठ अळ्या. एवढं पुरतं. मेलेली अळी पानासकट उचलून कचऱ्यात टाका, मातीत नको. डबा साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी या प्रमाणात अर्धा तास भिजवा, पुन्हा धुऊन कडक उन्हात वाळवा. झाकणाऐवजी मलमलीचं फडकं. मोठ्या झालेल्या अळ्या लिटरभराच्या डब्यात दोनच. काडी पाण्याच्या बाटलीत उभी केली असेल तर तोंड कापसाने बंद करा, अळ्या देठावरून उतरून पाण्यात बुडतात.

झाडच उघडं पडतं

एक अळी वाढता वाढता कढीपत्त्याच्या चार-पाच पूर्ण काड्या संपवते, आणि त्यातला बहुतेक भाग शेवटच्या चार-पाच दिवसांत. दोन फुटी रोपावर बारा-पंधरा काड्या असतात. त्यामुळे अशा रोपाला दोनच अळ्या झेपतात, तिसरी आली तर फोडणीला काही उरत नाही. जास्त झाल्या तर दुसऱ्या कढीपत्त्यावर हलवा. कढीपत्त्यावरून लिंबावर हलवलेली मोठी अळी कधी कधी खायला नकार देते, म्हणून शक्यतो तेच झाड. हलवताना काडीच कापा आणि नव्या झाडावर अडकवून ठेवा, अळी आपण होऊन सरकते.

एका मोठ्या झाडापेक्षा १४ इंची तीन कुंड्या बऱ्या. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. निदान चार तास ऊन.

फुलपाखरू येतं, बसतं, पण अंडं घालत नाही

मादी पानावर उतरून पुढच्या पायांनी टकटक करते, पायांवरच्या संवेदकांनी ती पानाची चव घेते. झाड योग्य असलं तरी जून, जाड पान तिला बहुधा नको असतं, कारण नुकत्याच जन्मलेल्या अळीचा जबडा त्याला लागत नाही. तिला हवी असते पोपटी पालवी. म्हणून तीन कुंड्यांचे शेंडे एकाच दिवशी छाटू नका. दर पंधरा दिवसांनी एका कुंडीची छाटणी, मूठभर गांडूळखत, भरपूर पाणी. दोन-तीन आठवड्यांत फुटवा येतो आणि कोणत्या ना कोणत्या कुंडीत पालवी असतेच. डिसेंबर-जानेवारीत कढीपत्ता मंदावतो, तेव्हा जोर करू नका.

चुकीचं झाड लावलेलं असणं हेही वारंवार घडतं. टेल्ड जे या फुलपाखरासाठी अशोक लावा असं कुणी सांगतं आणि लोक सीतेचा अशोक आणतात. टेल्ड जेला हवा असतो तो सोसायटीच्या कुंपणाला उंच सरळ उभा असलेला हिरवा, म्हणजे आसुपालव. घरात जागा नसेल तर सीताफळ किंवा सोनचाफा चालतो. दुसरी गफलत कॉमन रोजची. कॉमन मॉर्मनच्या काही माद्या कॉमन रोज आणि क्रिमझन रोज या विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात. कढीपत्त्यावर ‘रोज’ आलं म्हणून लोक खूश होतात. अंगाचा रंग बघा. रोजचं धड लालभडक, मॉर्मनचं काळं. खरं रोज हवं असेल तर सापसन ही वेल लावावी लागते. नर्सरीत तिच्या नात्यातल्या मोठ्या फुलांच्या शोभेच्या वेली मिळतात, त्या घेऊ नका. ऑस्ट्रेलियात अशाच एका शोभेच्या वेलीवर, ॲरिस्टोलोकिया एलिगन्सवर, रिचमंड बर्डविंग अंडी घालतं आणि ती पानं खाऊन त्याच्या अळ्या मरतात.

कोष झाला, पुढे काही नाही

कोषाला एक बारीक गोल भोक आणि आतून पोकळ असेल तर टेरोमॅलस ही परजीवी माशी. ती नुकत्याच झालेल्या, अजून मऊ असलेल्या कोषात अंडी घालते आणि पुढे त्यातून डझनावारी बारीक माशा निघतात. मच्छरदाणीच्या भोकातून ती सहज जाते. अळी कोषाला बसली की पहिले दोन दिवस तरी बाहीवर मलमलीचा थर घाला.

कोष खाली पडला तर जमिनीवर ठेवू नका, फुलपाखराला पंख लोंबवायला जागा लागते. कागदाचा छोटा कोन करा, खरबरीत पुठ्ठ्यावर चिकटवा आणि कोष शेपटीकडून त्यात अलगद उभा ठेवा, डोकं वर. बाहेर आलेलं फुलपाखरू पुठ्ठा धरून चढेल. पंख पसरून सुकायला दोन-तीन तास लागतात, तोवर हात नको. खाली तांबूस थेंब पडतात, ते रक्त नव्हे.

बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो आणि पंखांची नक्षी आतून दिसू लागते. नक्षी न दिसता कोष काळा पडला, मऊ लागला, वास आला तर तो मेला. पण हिवाळ्याच्या तोंडावर झालेला कोष महिना-दीड महिना तसाच हिरवा किंवा तपकिरी, कडक आणि जड राहिला तर घाई नको. हलकेच स्पर्श केल्यावर वळवळला तर आत जीव आहे. सावलीत, हवेशीर जागी लटकवा, आठवड्यातून दोनदा त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा आणि ऊन वाढेपर्यंत तिथेच राहू द्या.